न्यूयॉर्क पहिल्यांदा बघायला येताय? मग आधी हे वाचा

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो आणि दर वर्षी मार्च-एप्रिल आला की फोनवर तेच मेसेज सुरू होतात, "अरे आम्ही येतोय, न्यूयॉर्कला किती दिवस ठेवू", "व्हिसाला काय काय लागतं", "आईला जिने जमतील का". प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. जरा लांबलंय, पण विमानात बसायच्या आधी वाचलंत तर निदान दोन दिवस आणि शे-दोनशे डॉलर वाचतील.

व्हिसा, आणि तोही तिकिटाच्या आधी

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा ऑन अरायव्हल मिळत नाही. आणि ते एस्टा नावाचं जे ऑनलाइन प्रकरण आहे ते ठरावीक देशांच्या लोकांसाठी असतं, भारत त्यात नाही, त्यामुळे कोणी एजंट "एस्टा काढून देतो" म्हणाला तर हात जोडून बाहेर पडा. आपल्याला लागतो तो बी१/बी२, म्हणजे फिरायला किंवा नातेवाइकांकडे यायचा व्हिसा.

सुरुवात डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्मपासून होते. फॉर्म लांबलचक आहे आणि थोडा वेळ हात लावला नाही की सेशन उडतं, त्यामुळे वरती जो अॅप्लिकेशन आयडी दिसतो तो पहिल्यांदा कागदावर लिहून घ्या आणि मग प्रत्येक पान सेव्ह करत पुढे जा. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे कुठे वडिलांचं नाव मधे असतं, कुठे नसतं, लग्नानंतरचं आडनाव आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं, तर इथे पासपोर्ट म्हणेल तेच खरं. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची अकाउंट्सपण विचारतात, ती लपवू नका. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून, सहा महिन्यांच्या आतला.

फी १८५ डॉलर आहे, व्हिसा मिळो न मिळो ती परत मिळत नाही. शिवाय २०२५ मध्ये अजून २५० डॉलरची वेगळी फी लावायचा कायदा झालाय, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी अधिकृत साइटवरचा आकडाच खरा धरा, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्यांचा नको.

मग अपॉइंटमेंट दोन असतात आणि इथेच पहिल्यांदा जाणारे गोंधळतात. एक बोटांचे ठसे आणि फोटोची, ती वेगळ्या सेंटरमध्ये, आणि दुसरी इंटरव्ह्यूची, मुंबईवाल्यांसाठी बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये. दोन जागा, दोन वेळा, पत्र नीट वाचा. इंटरव्ह्यूची तारीख मिळायला कधी कधी कित्येक महिने लागतात, म्हणून उन्हाळ्यात यायचं असेल तर आदल्या दिवाळीच्याही आधी फॉर्म भरायला घ्या. आणि पूर्वी ऐंशीच्या घरातल्या आजी-आजोबांना आणि लहान मुलांना इंटरव्ह्यूतून सूट मिळायची, ती सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक बंद झालीय, तेव्हा "आजोबांना जावं लागत नाही" असं कोणी सांगितलं तर ती जुनी माहिती समजा.

कॉन्सुलेटमध्ये मोबाइल, स्मार्ट वॉच काही आत नेता येत नाही. ते बाहेर कुणाकडे तरी द्यायची सोय आधीच करा, नाहीतर ऐनवेळी बीकेसीत कुठल्यातरी टपरीवाल्याच्या भरवशावर फोन ठेवायची वेळ येते.

इंटरव्ह्यू म्हणजे दोन-तीन मिनिटांचा मामला. कुठे जाणार, कोणाकडे, किती दिवस, खर्च कोण करणार, भारतात काय करता. बस. आमच्या काकांनी इंटरव्ह्यूला प्रॉपर्टीची कागदपत्रं, एफड्या, सात-बारासकट दोन किलोची फाइल नेली होती आणि समोरच्या माणसाने त्यातलं एक पान उघडलं नाही. फाइल न्या, न न्यायला सांगत नाही, पण त्यांचा निर्णय तुमच्या उत्तरावर असतो. त्यांच्या कायद्यात कलम २१४(ब) म्हणून आहे, त्यात तुम्ही परत जाणार हे पटवायची जबाबदारी तुमची असते, म्हणजे त्यांनी आधीच धरलंय की तुम्ही इथेच राहणार आणि तुम्ही सिद्ध करायचं की नाही राहणार. म्हणून नोकरी, दुकान, शेती, पेन्शन, घरचे, जे काही तुम्हाला परत ओढणार ते सरळ दोन वाक्यात सांगता आलं पाहिजे. पाठ केलेलं भाषण नको आणि खोटं तर अजिबात नको, मुलगा तिथे नोकरी करतो हे लपवलं आणि फॉर्ममध्ये दिसलं की संपलं. इंग्रजी अडत असेल तर हिंदी-मराठीत बोलायची सोय आहे, त्याची लाज वाटून घेऊ नका, तोडक्या इंग्रजीत भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते शंभर पट बरं.

व्हिसा पासपोर्टवर छापून आला की मगच परत न मिळणारं तिकीट काढा.

आणि एक गोष्ट जिच्यावर दर वर्षी कोणीतरी माझ्याशी वाद घालतं. व्हिसा बहुतेकांना दहा वर्षांचा मिळतो, पण त्याचा अर्थ दहा वर्षं राहता येतं असा नाही. तो फक्त दारापर्यंत यायचा पास आहे. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा ऑफिसर ठरवतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत देतात, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या ऑनलाइन नोंदीत असते. आल्यावर पहिल्या आठवड्यात त्या सरकारी साइटवर जाऊन आपली आय-९४ काढून तारीख बघा आणि घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा.

बॅगेत काय नाही आणायचं

हापूस. मला माहितीय मे महिना आहे आणि पोरगं तिकडे तरसलंय, पण पॅसेंजरच्या बॅगेतून आंबा आणता येत नाही, कुठलंच ताजं फळ नाही. आमच्या आत्याने साडीच्या घड्यांत सहा हापूस गुंडाळून आणले होते आणि विमानतळावर बॅगांच्या पट्ट्याशी एक छोटासा गोंडस बीगल कुत्रा येऊन तिच्या बॅगेजवळ शांतपणे बसला. तो बसला की समजायचं. आंबे गेले, वर अर्धा तास गेला.

ताजा कढीपत्ताही नाही. आणि तांदूळपण नाही, हे खूप लोकांना माहीत नसतं, भारतातून येणाऱ्या तांदळात एक किडा येतो म्हणून पॅसेंजरच्या सामानात त्याला बंदी आहे, तेव्हा आंबेमोहोर घरीच ठेवा, इथल्या इंडियन दुकानात तो मिळतो. मटण-चिकन कसलंच नको. लाडू, चकली, भाजणीचं पीठ, दळलेले मसाले, दुकानातलं सीलबंद लोणचं याला सहसा त्रास होत नाही, पण खायचं काही आहे का म्हणून विचारलं तर "हो" म्हणा. हो म्हटलं आणि चालत नसेल तर वस्तू टाकून देतात, एवढंच. नाही म्हटलं आणि सापडलं तर दंड. रोख दहा हजार डॉलरच्या वर असेल तर तेही सांगावं लागतं, पण तेवढी रोकड घेऊन कोण फिरतंय म्हणा.

औषधं मूळ स्ट्रिपमध्ये आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि ती हातातल्या बॅगेत. ट्रॅव्हल इन्शुरन्स कराच, इथे साधं इमर्जन्सीत जाऊन आलं तरी बिल हजारांत येतं, आणि बीपी-शुगर असलेल्यांनी पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराचं काय लिहिलंय ते विकत घ्यायच्या आधी वाचा, नंतर नाही.

उतरल्यावर

मोठी आंतरराष्ट्रीय विमानं दोन ठिकाणी उतरतात, जेएफके आणि नेवार्क. जेएफके क्वीन्समध्ये आहे, नेवार्क न्यू जर्सीत. मुलं एडिसन, प्रिन्स्टन बाजूला राहत असतील तर नेवार्कचं तिकीट शोधा, जेएफकेहून गाडीने तिकडे जायचं म्हणजे संध्याकाळी दोन-अडीच तासांची साडेसाती. अबू धाबीमार्गे आलात तर अजून एक गंमत आहे, अमेरिकेचं इमिग्रेशन तिकडेच होतं आणि इथे तुम्ही देशातल्या देशात आल्यासारखे सरळ बाहेर पडता. आईवडील एकटे येत असतील तर मला हा रस्ता बरा वाटतो, फक्त तिथे मधे वेळ भरपूर हवा.

इमिग्रेशनला ठसे, फोटो आणि परत तेच प्रश्न. राहायचा पत्ता आणि मुलाचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको, कारण तेव्हा नेट चालू नसतं आणि तिथे मोबाइल काढलेला चालतही नाही.

जेएफकेहून शहरात यायला एअरट्रेन घेऊन जमैका स्टेशनला या आणि तिथून सबवेची, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेची, ई लाइन पकडा, स्वस्त आणि मस्त. सामान खूप असेल तर पिवळी टॅक्सी, जेएफके ते मॅनहॅटन ७० डॉलर ठरलेलं भाडं आहे, वर टोल, बारीकसारीक सरचार्ज आणि टिप. टॅक्सी रांगेतूनच घ्या. आत येऊन "टॅक्सी, सर?" म्हणणाऱ्यामागे जाऊ नका, दादर स्टेशनबाहेर जे शिकलात तेच इथे लागू.

राहायचं कुठे

नातेवाईक जर्सीत असले तरी दोन रात्री शहरात किंवा शहराला चिकटून काढा, रोजची जाऊन-येऊन तीन तासांची ट्रेन करून न्यूयॉर्क बघता येत नाही, फक्त दमता येतं. मॅनहॅटनमधली हॉटेलं महाग, म्हणून लाँग आयलंड सिटी किंवा जर्सी सिटी बघा, दोन्हीकडून मॅनहॅटन नदीपलीकडे, ट्रेनने दहा-पंधरा मिनिटं. हॉटेलच्या दाखवलेल्या भाड्यावर टॅक्स लागतो आणि कित्येक ठिकाणी रोजची एक वेगळी "फी" चिकटवतात, बुक करताना शेवटचा आकडा बघूनच बटण दाबा. आणि पूर्ण फ्लॅट काही दिवसांसाठी भाड्याने घ्यायचा बेत असेल तर सप्टेंबर २०२३ पासून न्यूयॉर्क शहरात तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी मालक स्वतः तिथे राहत नसेल तर ते चालत नाही. तरी जाहिराती दिसतात. पैसे भरून आयत्या वेळी बुकिंग रद्द झालेलं एक कुटुंब आमच्या हॉलमध्ये चार रात्री झोपलंय.

शहराचा नकाशा पाच मिनिटांत

न्यूयॉर्क म्हणजे पाच भाग, मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड. तुम्ही बघायला येता ते बहुतेक मॅनहॅटनमध्ये आहे. हे लांबट बेट आहे आणि १८११ मध्ये त्यावर पट्टी ठेवून रस्ते आखले, त्यामुळे हरवणं अवघड. आडव्या त्या स्ट्रीट, त्यांचे नंबर उत्तरेकडे वाढतात. उभ्या त्या अॅव्हेन्यू, त्यांचे नंबर पश्चिमेकडे वाढतात. फिफ्थ अॅव्हेन्यूच्या पूर्वेला ईस्ट, पश्चिमेला वेस्ट. वीस स्ट्रीट चाललात की साधारण एक मैल होतो, पण अॅव्हेन्यूमधलं अंतर बरंच जास्त असतं, "दोनच तर अॅव्हेन्यू आहेत" म्हणून सासूबाईंना चालवलंत तर संध्याकाळी घरात शांतता असेल. फक्त खालचं टोक, वॉल स्ट्रीट आणि ग्रीनविच व्हिलेजच्या आसपास, तिथे गल्ल्या जुन्या आणि वेड्यावाकड्या आहेत, तिथे फोन हातात ठेवा.

सबवे

हे जमलं की निम्मं न्यूयॉर्क जमलं. १९०४ पासून चालू आहे, चारशेच्या वर स्टेशनं, चोवीस तास. जुनी, कळकट, उन्हाळ्यात प्लॅटफॉर्मवर भट्टी, कधी कधी उंदीर, हे सगळं आहे, तरी हिच्याइतकं वेगात काही जात नाही.

पिवळं मेट्रोकार्ड २०२५ संपताना विकायचं बंद झालं. आता गेटवर बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवायचा, त्याला ओम्नी म्हणतात. एका फेरीचे तीन डॉलर. सात दिवसांत एकाच कार्डाने ३५ डॉलर झाले की त्या आठवड्यातल्या पुढच्या फेऱ्या फुकट, पण कार्ड तेच पाहिजे, सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं केलं की मोजणी वेगळी होते. तेच कार्ड फोनमध्ये असलं तरी वेगळं धरतात, इथेच लोक फसतात. तुमचं भारतीय व्हिसा-मास्टरकार्ड चालतं, पण बँकेच्या अॅपमध्ये इंटरनॅशनल आणि टॅप करून पैसे द्यायचं दोन्ही चालू केलेलं हवं, आणि प्रत्येक टॅपवर बँक आपला मार्कअप घेते ते धरून चाला. नाहीतर स्टेशनवरच्या मशीनमधून ओम्नीचं कार्ड घ्या आणि रोख भरा. ४४ इंचापेक्षा कमी उंचीची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. यूपीआयची सवय इथे विसरा.

आता दिशेचं. अपटाऊन म्हणजे वर उत्तरेला, डाऊनटाऊन म्हणजे खाली दक्षिणेला. छोट्या स्टेशनांवर दोन दिशांची दारं रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळी असतात आणि आतून पलीकडे जाता येत नाही, चुकीच्या दारातून टॅप केलं की तीन डॉलर गेले, म्हणून पायऱ्या उतरायच्या आधी वरची पाटी वाचा. दुसरं, एक्स्प्रेस आणि लोकल, अगदी मुंबईसारखंच, फास्ट पकडली आणि तुमचं स्टेशन गेलं डोळ्यासमोरून. मुंबईकरांना हे सांगायची खरं तर गरज नाही. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाड्या भलत्याच मार्गाने जातात, त्या दिवशी नकाशावर नाही तर फोनवर विश्वास ठेवा.

आणि गर्दीच्या वेळी सगळे डबे भरलेले आणि एकच डबा रिकामा आला तर त्यात चढू नका. एसी बंद असतो किंवा आत काहीतरी भयंकर वास असतो. बाकीचे वेडे नाहीत.

गुडघ्यांचा त्रास असेल तर बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट नाही हे लक्षात ठेवून बस धरा. बसचं भाडं तेच, दोन तासांत बस-सबवे बदल फुकट, बस पायरीशी वाकते आणि वर शहरही दिसतं. आईबाबांबरोबर मी सबवेपेक्षा बसच जास्त केली. नातेवाईक गाडीने आणतो म्हणाले तर त्यांना हलकेच आठवण करा की जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या स्ट्रीटच्या खाली गाडी आणायचे दिवसाचे ९ डॉलर लागतात आणि पार्किंग त्याच्या कितीतरी पट. गाडी जर्सीतल्या मेट्रोपार्क स्टेशनला ठेवा, ट्रेनने मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला या.

काय बघायचं, कुठल्या क्रमाने

माझं एकच म्हणणं, एका दिवशी शहराचा एकच तुकडा. यादी घेऊन सकाळी स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा पुतळा, दुपारी म्युझियम, संध्याकाळी ब्रुकलिन असं नाचलात तर दिवस जमिनीखाली जातो.

पहिला दिवस खालचं टोक. पुतळ्याला जायचं तर सकाळची पहिली बोट, तिकीट आधी ऑनलाइन. अधिकृत बोट कंपनी एकच, स्टॅच्यू सिटी क्रूझेस, बॅटरी पार्कातून सुटते, जर्सीच्या बाजूने लिबर्टी स्टेट पार्कातूनही जाते आणि तिथे गाडी लावता येते, गर्दीही कमी. बॅटरीच्या आसपास जाकीट घालून, गळ्यात कार्ड अडकवून तिकिटं विकणारे जे लोक असतात त्यांच्याकडून काही घेऊ नका, ते भलत्याच बोटीत बसवतात जी पुतळ्याला लागतसुद्धा नाही. मुकुटात जायचं तिकीट फार आधी संपतं, आणि चौथऱ्याच्या वर मुकुटापर्यंत १६२ अरुंद गोल पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, तेव्हा हौसेने काढायच्या आधी विचार करा. मशालीत १९१६ पासून कोणालाच जाऊ देत नाहीत. त्याच तिकिटात एलिस आयलंड येतं आणि लोक कंटाळून ते सोडतात, माझ्या मते पुतळ्यापेक्षा तेच जास्त बघण्यासारखं. १८९२ ते १९५४ मध्ये सव्वा कोटीच्या आसपास माणसं त्या हॉलमधून अमेरिकेत शिरली, गाठोडी घेऊन, आणि तुम्ही नुकतेच इमिग्रेशनच्या रांगेतून आलेले असता त्यामुळे ते फोटो वेगळेच दिसतात.

ज्यांना फक्त पुतळ्याबरोबर फोटो हवाय त्यांनी स्टेटन आयलंड फेरी घ्या. फुकट. खरोखर फुकट, १९९७ पासून. केशरी रंगाची मोठी बोट, पंचवीस मिनिटं, जाताना उजव्या बाजूला उभे राहा. पलीकडे गेल्यावर उतरावंच लागतं, मग परत रांगेतून चढायचं. वयस्कर मंडळींसाठी मी नेहमी हेच सुचवतो.

दुपारी ९/११ मेमोरियल. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुन्या टॉवर्सच्या जागी दोन चौकोनी खड्डे, कडेने पाणी कोसळतंय आणि कठड्यावर २,९८३ नावं कोरलेली. बाहेरचं बघायला पैसे नाहीत, खालचं म्युझियम तिकिटाचं. कधी एखाद्या नावात पांढरं गुलाब खोचलेलं दिसतं, त्या दिवशी त्या माणसाचा वाढदिवस असतो. नावांवर हात टेकवून सेल्फी काढणारे दिसतील, आपण काढू नका.

संध्याकाळी ब्रुकलिन ब्रिज. १८८३ चा पूल, साधारण एक मैल. इथली युक्ती अशी की ए किंवा सी गाडीने आधी ब्रुकलिनच्या बाजूला हाय स्ट्रीटला जा आणि तिथून मॅनहॅटनकडे चालत या, म्हणजे सगळ्या इमारती तोंडासमोर येतात. बहुतेक लोक उलटं करतात आणि सारखी मान वळवतात.

दुसरा दिवस मिडटाऊन, म्हणजे मॅनहॅटनचा मधला भाग. ग्रँड सेंट्रल स्टेशन १९१३ चं, छतावर हिरवट निळं आकाश आणि राशी, आणि ते चित्र चक्क उलटं आहे. खाली ऑयस्टर बारच्या बाहेर कमानींचा चौक आहे, एकाने एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पुटपुटायचं आणि समोरच्या तिरप्या कोपऱ्यातल्याला स्पष्ट ऐकू येतं. मुलांना हे एम्पायर स्टेट बिल्डिंगपेक्षा जास्त आवडतं, आणि फुकट आहे. तिथून पब्लिक लायब्ररी, दोन दगडी सिंह, आत वाचनालयाचा हॉल. मागे ब्रायंट पार्क, आणि आता महत्त्वाची माहिती, ब्रायंट पार्कातलं सार्वजनिक स्वच्छतागृह शहरातलं सगळ्यात स्वच्छ, आत ताजी फुलं आणि संगीत. हसू नका, या शहरात स्वच्छतागृह शोधणं हे खरं काम आहे. लायब्ररी, मोठी दुकानं, हॉटेलांच्या लॉबी, जिथे दिसेल तिथे जाऊन घ्या.

उंचावरून बघायला पाच-सहा जागा आहेत, प्रत्येकीचं तिकीट चांगलंच महाग, सगळ्यांवर चढायची गरज नाही, एक निवडा. एम्पायर स्टेट १९३१ ची, नाव मोठं, शहाऐंशीव्या मजल्यावर उघडा सज्जा. पण एम्पायर स्टेटवर चढलात तर एम्पायर स्टेट दिसत नाही, म्हणून मी पाहुण्यांना रॉकफेलर सेंटरच्या टॉप ऑफ द रॉकवर पाठवतो, एकीकडे ती दिसते, दुसरीकडे सेंट्रल पार्क. सूर्यास्ताच्या आधी तासभर जा, उजेडही मिळतो आणि दिवेही. आकाश ढगाळ असेल तर पैसे फुकट.

टाइम्स स्क्वेअर रात्रीच, आणि अर्धा तास पुरे. एल्मो, मिकी, स्पायडरमॅन वगैरे वेष केलेले लोक मुलांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि मग वीस डॉलर मागतात. कोणी हातात सीडी किंवा मणी कोंबेल, कोणी भगवं घालून शांतीचा ताईत देईल, हात खिशात ठेवून पुढे चला. ब्रॉडवेचं नाटक बघायचं असेल तर तिथेच लाल पायऱ्यांखाली टीकेटीएस म्हणून खिडकी आहे, त्याच दिवशीची तिकिटं बऱ्याच सवलतीत मिळतात.

तिसरा दिवस सेंट्रल पार्क आणि एकच म्युझियम. पार्क ८४३ एकरांचा आहे, पूर्ण फिरायचा हट्ट नको, बहात्तराव्या स्ट्रीटच्या आसपास तळं आणि बेथेस्डा फाउंटन एवढं केलं तरी भागतं. हरवलात तर दिव्याच्या खांबावर चार आकडे असतात ते बघा, पहिले दोन म्हणजे जवळची स्ट्रीट. ७२ ने सुरू होत असेल तर तुम्ही बहात्तराव्यापाशी आहात, शेवटचा आकडा सम असेल तर पूर्वेच्या बाजूला, विषम असेल तर पश्चिमेच्या. फोनची बॅटरी गेली तेव्हा हे मला खरंच उपयोगी पडलंय. घोडागाडीवाल्यांशी भाव आधी ठरवा, आणि तीनचाकी सायकलवाल्यांचा दर मिनिटावर असतो, पाटी नीट वाचल्याशिवाय बसू नका.

म्युझियममध्ये मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट घ्या, मोठ्यांना ३० डॉलर, बुधवारी बंद. "मनाला येईल ते द्या" ही सोय न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना आणि जवळपासच्या विद्यार्थ्यांना आहे, आपल्याला नाही, जुने व्हिडिओ बघून काउंटरवर वाद घालू नका. इजिप्तचं अख्खं देऊळ आत उचलून आणलंय ते बघा, आणि आपल्याकडची चोळ काळातली ब्राँझ बघा, गावच्या देवळात अंधारात हार-फुलांखाली दिसत नाही ते इथे उजेडात दिसतं, मग बरं वाटावं की वाईट ते तुमचं तुम्ही ठरवा. मुलं बरोबर असतील तर मेट सोडून पार्कच्या पलीकडचं नॅचरल हिस्टरी म्युझियम, डायनासोर आणि छताला टांगलेला निळा देवमासा, काम झालं.

चौथा दिवस असेल तर क्वीन्स, आणि हा मात्र चुकवू नका. टाइम्स स्क्वेअरहून सात नंबरची गाडी पकडा, नदी ओलांडली की ती जमिनीवर येते आणि घरांच्या गच्च्यांवरून जाते. जॅक्सन हाइट्सला उतरलात की साड्या, सोनं, मिठाई, पान, नेपाळी मोमो, बांगलादेशी मासे, तिबेटी, कोलंबियन, सगळं एका चौकात. तीच गाडी शेवटच्या फ्लशिंग स्टेशनपर्यंत जाते, तिथून थोडं चालून किंवा बसने बाऊन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ. १९७७ चं, दाक्षिणात्य पद्धतीचं, आणि तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा मिळतो. दहा दिवस पिझ्झा आणि बेगल खाऊन वैतागलेले आमचे बाबा तिथे एका जागी दोन मसाला डोसे खाऊन मग म्हणाले, आता बोला, काय बघायचंय.

पैसे, टिप आणि थोडं इकडचं तिकडचं

दुकानात लिहिलेल्या किमतीवर वर ८.८७५ टक्के टॅक्स लागतो. कपडे आणि चपला ११० डॉलरच्या आतल्या असतील तर शहरात टॅक्स नाही. हॉटेलात बसून जेवलात तर १८ ते २० टक्के टिप, ही ऐच्छिक म्हणतात पण नाही दिली तर वेटर विचारायला येतो, कारण त्याचा पगार त्यावर चालतो. मोठा ग्रुप असेल तर ती बिलात आधीच धरलेली असते, बघून घ्या नाहीतर दोनदा द्याल. काउंटरवर कॉफी घेताना स्क्रीन फिरवून टिप विचारतात, तिथे शून्य दाबलंत तर कोणी खात नाही.

नळाचं पाणी प्या, शहराला डोंगरातून येतं आणि उत्तम असतं, बाटली बरोबर ठेवा. दारावर ए, बी, सी अशी मोठी अक्षरं दिसतात ती स्वच्छतेची ग्रेड. शाकाहारींनी "नो मीट" एवढं म्हणून थांबू नका, "नो फिश, नो चिकन ब्रॉथ" हेही म्हणा. रस्त्यात गांजाचा वास येईल, २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्यांना कायद्याने चालतो, घाबरू नका. पण राज्याचा कायदा वेगळा आणि केंद्राचा वेगळा, पाहुण्या व्हिसावर त्याच्या नादी लागणं म्हणजे पुढच्या वेळी इमिग्रेशनला उत्तरं देणं.

यायचं कधी? सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मे. जुलै-ऑगस्ट मुंबईसारखा घामट, जानेवारी-फेब्रुवारीत वारं हाडात शिरतं आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. घरी फोन करताना उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक धरा, हिवाळ्यात साडेदहा.

परत जाताना तीन तास आधी विमानतळावर, गर्दीच्या संध्याकाळी रस्त्याला अजून दोन. आणि तिथे गोंधळू नका, अमेरिकेतून बाहेर पडताना इमिग्रेशनचा वेगळा काउंटरच नसतो, शिक्का मारत नाहीत. आमची मावशी सिक्युरिटी झाल्यावर गेटवर बसून मला फोन करत होती, "अरे माझ्या पासपोर्टवर कोणी काही मारलंच नाही, मी बेकायदा तर जात नाहीये ना?" विमान कंपनीच तुमची नोंद पाठवते. तरी बोर्डिंग पास टाकून देऊ नका, पुढच्या व्हिसापर्यंत पासपोर्टच्या कव्हरात राहू दे.